उताराची गाडी आणि इंजिनाचा लगाम

मंडळी, महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळीचा घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काही दिवसांपूर्वी भाच्याच्या नव्या छोट्या गाडीतून मी तो उतरलो. मागच्या बाकावर आमच्या आळीतले अण्णा होते. त्यांचा सारा जन्म एस.टी. चालविण्यात गेला. घाट सुरू होताच अण्णा पुढे वाकून म्हणाले, "बाळ, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." भाचा मोठा गुणी. सकाळी वर येताना गाडी तिसऱ्या गिअरात झकास चढली होती. म्हणून त्याने तिसरा टाकला आणि अॅक्सिलेटरवरून पाय काढून घेतला. पण गाडी काही आवरेना. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपले की पुन्हा धाव. सात-आठ वळणे झाली आणि पुढच्या चाकांकडून करपल्याचा वास येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन आम्ही उतरलो. भाच्याने विचारले, "मामा, गाडी बिघडली की अण्णांचा नियम चुकला?"

गाडी बिघडली नव्हती. अण्णांचा नियमही पन्नास वर्षे खरा होता, आणि त्या नियमाने किती जिवांना सुखरूप खाली आणले असेल, त्याची गणती नाही. मधल्या काळात इंजिन बदलले. ते कसे बदलले आणि बदलताना आपल्या हातून काय निसटले, त्याची ही हकीगत आहे.

आधी एवढे समजून घेऊ की इंजिन गाडीला अडवते कशाने. पुष्कळांना वाटते की दट्ट्या सिलिंडरात हवा दाबतो, त्या दाबण्याला जोर लागतो, म्हणून गाडी अडते. शिक्षक मित्रहो, हा समज वर्गात एका मिनिटात खोडता येईल. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा आत दाबा. जोर लागतो, खरे. आता दांडा सोडा बरे! तो टुणकन परत येतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. दिलेला जोर ती बहुतेक सगळा परत करते. एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे झाले, तर गाडी अडणार कशी?

पेट्रोलच्या इंजिनात गाडी अडते ती निराळ्या कारणाने. हवा आत येण्याच्या वाटेवर, इंजिनाच्या घशातच म्हणा ना, एक चकतीसारखी झडप असते. अॅक्सिलेटर दाबला की ती उघडते, पाय काढला की मिटते. घसा मिटलेला आणि दट्ट्या तर खाली ओढतोच आहे. अशा वेळी आत बाहेरच्या हवेच्या सुमारे एक-तृतीयांश एवढाच दाब उरतो. तोंड दाबून धरलेल्या माणसाने श्वास घ्यावा, तसे ते श्वास घेणे. या प्रत्येक श्वासाला श्रम पडतात, आणि ते श्रम चाकांकडून, म्हणजे गाडीच्या वेगातून, वसूल होतात. हिशेब हवा असेल तर असा: अशा एक लिटर श्वासामागे सुमारे 67 ज्यूल खर्ची पडतात. एक लिटरचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल तर त्या मिनिटात ते 1500 लिटर श्वास घेते, कारण एका श्वासाला दोन फेऱ्या लागतात. म्हणजे नुसत्या श्वासापायी सव्वादोन अश्वशक्ती गेली. दीड लिटरचे इंजिन त्याच फेऱ्यांना याच्या दीडपट खाते. याच्या जोडीला असते घर्षण. दट्ट्याच्या कड्या, बेअरिंगे, झडपा उघडणारे दांडे, तेलाचा पंप, पाण्याचा पंप या साऱ्यांचे मिळून.

आता या दोन्हींकडे नीट बघा. कोंडलेला श्वास आणि घर्षण, दोन्ही निव्वळ तोटा आहेत! सपाट रस्त्यावर गाडी चालत असताना हेच दोघे पेट्रोल खातात. म्हणजे उतारावरचा आपला हा लगाम कोणी लगाम म्हणून घडविलाच नव्हता. इंजिनाच्या दोषाचाच चालकांनी गुण करून घेतला होता. हे ध्यानात ठेवा. पुढची सारी गोष्ट यातूनच निघते.

मोटारीचा जन्म झाला तेव्हा उताराचा प्रश्न तिच्याबरोबरच जन्मला. कार्ल बेंझ या जर्मन इंजिनिअरची तीन चाकांची गाडी 1886 साली पेटंट झाली. दोन वर्षांनी, 1888 च्या ऑगस्टात, त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी मानहाइमहून फोर्टसहाइमला आपल्या माहेरी घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. चढावर मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली आणि उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले. तेव्हा बाईंनी वाटेतल्या एका गावी मोच्याकडून ठोकळ्यांवर कातडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकचे पहिले लायनर ते हेच, असे म्हणतात. घरी परतल्यावर त्यांनी नवऱ्याला दुसरीही एक गोष्ट सुचविली: चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा. चढासाठी मागितलेला खालचा गिअर पुढे उतारालाही उपयोगी पडणार होता, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल की नाही, देव जाणे.

ते ध्यानात आले लवकरच. 1908 साली अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' निघाली. इंजिन 2.9 लिटरचे, ताकद अवघी 20 अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन साधारण साडेपाचशे किलो. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीतल्या पट्ट्यावर होता. मोठ्या उतारावर चालक खालच्या गिअरचे पेडल दाबून धरीत आणि इंजिनाला गाडी पेलू देत. कोणी कोणी तर उलट्या गिअरचे पेडलही मधून मधून दाबीत, म्हणजे एकच पट्टा तापून झिजायला नको. मी इथे एक सोपे माप वापरणार आहे: गाडीच्या एक टन वजनामागे इंजिन किती लिटरचे? या मापाने मॉडेल टी पाच लिटरांच्या वर भरते. इंजिन हळू फिरणारे होते, म्हणून हे माप अगदी काटेकोर नव्हे. पण एवढा भला थोरला पंप गाडीच्या गळ्यात बांधलेला असेल, तर ती उतारावर फार उधळणार नाही, हे कोणालाही कळेल.

त्या काळचे ब्रेक असे होते की चालकाला इंजिनावर विसंबल्यावाचून गत्यंतर नव्हते. ब्रेक म्हणजे काय हो? वेगाची उष्णता करण्याचे यंत्र. आंबेनळीचेच उदाहरण घेऊ. माणसांसकट अकराशे किलोची गाडी बाराशे मीटर उंचीवरून खाली आली तर जी शक्ती मोकळी होते, तिने 30 अंशांचे 44 लिटर पाणी उकळीला येईल. तीन घागरी म्हणा! यातला बराच भाग टायर आणि वारा पचवितात. उरलेला इंजिनाने तरी घ्यावा, नाहीतर ब्रेकने. ब्रेक अति तापला की त्याचे अस्तर धरेनासे होते. ब्रेकच्या नळ्यांतले तेल उकळू लागले तर आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जाते. साध्या प्रतीचे, डॉट 3 म्हणून विकले जाणारे तेल ताजे असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतले पाणी शोषून घेते, आणि तसे पाणी धरलेले तेल 140 अंशांनाच उकळू शकते. कोकणातल्या पावसाळ्यात दोन-चार वर्षे तेल न बदललेल्या गाडीची काय स्थिती असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

इथे एक गमतीदार फाटा लागतो. इंजिनाचा लगाम मुद्दाम काढून टाकलेल्या छोट्या गाड्याही जगात होऊन गेल्या, आणि चांगल्या नावाजल्या गेल्या. स्वीडनमध्ये विमाने बांधणाऱ्या साब कंपनीने 1949 च्या अखेरीस 'साब 92' ही छोटी गाडी बाजारात आणली. इंजिन दोन सिलिंडरांचे, 764 सी.सी.चे, आणि टू-स्ट्रोक. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून भरीत, ते आठवते ना? तीच जात. अशा इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर. आता लांब उतारावर चालकाने पाय काढला, घसा मिटला, की पेट्रोल जवळजवळ बंद आणि त्याबरोबर वंगणही बंद. आणि चाके तर इंजिनाला भराभर फिरविताहेत! इंजिन कोरडे पडून धरून बसायचे. यावर त्यांनी उपाय केला तो आपल्या सायकलीतलाच: फ्रीव्हील. पायडल थांबविले तरी सायकल पळत राहते, तसा पाय काढला की इंजिन गाडीपासून सुटे होऊन हळू फिरत राही आणि गाडी आपल्या वजनाने उतरत राही. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटमध्येही अशीच सोय होती, वरच्या गिअरपुरती.

म्हणजे साबमध्ये इंजिनाचा लगाम जवळजवळ शून्य. तरीही एरिक कार्लसन नावाच्या चालकाने 'साब 96' घेऊन 1962 आणि 1963 अशी लागोपाठ दोन वर्षे माँटे कार्लोची शर्यत जिंकली. आणि ती कुठे? आल्प्सच्या बर्फाळ घाटांत! तो डाव्या पायाने ब्रेक दाबी आणि उजवा पाय अॅक्सिलेटरवरून काढतच नसे. यातून मला एवढेच सांगायचे आहे की लगाम नसलेली गाडीही चालविता येते. पण लगाम नाही, हे चालकाला पक्के ठाऊक असावे लागते. साबच्या मालकाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, कारण फ्रीव्हील बंद करण्याची कळ त्याच्या हाताशी होती. माझ्या भाच्याला मात्र कोणी सांगितले नव्हते.

दुसरी हकीगत अमेरिकेतली, आणि ती डिझेलची आहे. 1931 च्या ऑगस्टात क्लेसी कमिन्स हा डिझेल इंजिने बांधणारा कारखानदार आपलेच इंजिन बसविलेला ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. डिझेलवर देश ओलांडता येतो, हे त्याला लोकांना दाखवायचे होते. कॅलिफोर्नियात कॅजन नावाची खिंड लागते. तिच्या लांब उतारावर ब्रेक जळून गेले. गिअर टाकलेला होता, पण ट्रक आवरेना. खाली रेल्वेचे फाटक, आणि त्यावरून मालगाडी चाललेली. शेवटचा गार्डाचा डबा रस्ता ओलांडून गेला आणि त्याच्या पाठोपाठ हा ट्रक रूळ पार करून सुटला.

गिअर टाकूनही ट्रक का आवरला नाही? कारण त्या डिझेल इंजिनाच्या घशात झडपच नव्हती. पेट्रोलच्या इंजिनात चालक हवा कमी-जास्त करतो, डिझेलमध्ये नुसते तेल. त्यामुळे श्वास मोकळा. हवा प्रचंड दाबली जाते खरी, पण ती पंपाच्या दांड्यासारखी उलट ढकलून सगळे परत देते. उरले फक्त घर्षण. कमिन्सला तो उतार जन्मभर विसरता आला नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, वीस-पंचवीस वर्षांनी, त्याला युक्ती सापडली. हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्याच क्षणी बाहेरची झडप किंचित उघडायची आणि दाबलेली हवा फस्सकन सोडून द्यायची. मग परत देणार काय? त्या इंजिनात तेलाची पिचकारी मारणारा दांडा नेमका त्याच क्षणी हलत असे. झडप उघडण्यासाठी त्याने तोच दांडा कामाला लावला. जेकब्ज या कंपनीने 1961 साली हा ब्रेक विक्रीला आणला. त्याचा फडफडाट मोठा. अमेरिकेतल्या कित्येक गावांच्या वेशीवर तो वाजवू नका, अशा पाट्या लागलेल्या असतात. आपल्याकडच्या मोठ्या गाड्यांत जो एक्झॉस्ट ब्रेक असतो, तो धुराच्या वाटेवर झडप मिटून हेच काम सौम्यपणे करतो. मोठ्या वाहनांच्या बाबतीत ही उणीव ओळखून ती मुद्दाम भरून काढण्यात आली. छोट्या मोटारीच्या बाबतीत तसे कोणी केले नाही. कारण तिचे ब्रेक सुधारले. 1953 साली ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकांच्या जोरावर जिंकली, 1955 च्या सित्रोएन डी.एस.ला पुढे डिस्क आले, आणि 1962 साली रेनो 8 या छोट्या, सामान्य माणसाच्या गाडीलाही चारी चाकांना डिस्क मिळाले. इंजिनिअरांना वाटले, आता थांबविण्याचे काम ब्रेक बघतील, आपण इंजिनाचे बघू.

मग 1973 साली तेलाची टंचाई आली, पेट्रोलचे भाव कडाडले, आणि इंजिनातल्या तोट्याची झाडाझडती सुरू झाली. अमेरिकेने 1975 साली गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावर कायद्याने मर्यादा घातली. पुढे युरोपने 2009 च्या नियमाने धुराची, म्हणजे पर्यायाने इंधनाची, मर्यादा घातली. आपल्याकडेही 2017 पासून तसे नियम आले. तोटा कुठे कुठे होतो? कोंडलेल्या श्वासात आणि घर्षणात. म्हणजे नेमका आपल्या लगामातच! कोणीही ठरवून लगाम काढला नाही. गळक्या हौदाची भोके बुजवावीत तशी त्यांनी एकेक भोके बुजविली. पण त्याच पाझरावर खालचे एक शेत भिजत होते.

श्वासाचेच बघा. 1997 साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस निघाली. जेम्स अॅटकिन्सन या इंग्रजाची 1882 सालची जुनी कल्पना नव्या रीतीने वापरून तिच्या इंजिनात आतली झडप उशिरा मिटते, म्हणजे श्वास कोंडत नाही. 2001 साली बी.एम.डब्ल्यू.ने घशातल्या झडपेचे काम आतल्या झडपांवरच सोपविले. 2010 साली फियाटने छोट्या 'फियाट 500' साठी दोन सिलिंडरांचे 875 सी.सी.चे ट्विनएअर इंजिन काढले, त्यातही हीच गोष्ट. घर्षणाचीही तशीच गत. दट्ट्याच्या कड्या बारीक आणि हलक्या झाल्या, दांड्यांना रूळ आले, तेलाचा पंप गरजेपुरताच फिरू लागला. गॅरेजमध्ये पूर्वी 20 डब्ल्यू 50 हे मधासारखे तेल घालीत, आता 0 डब्ल्यू 20 म्हणजे जवळजवळ पाण्यासारखे. टायरही असे आले की घरंगळताना कमी अडतात, आणि गाडीचा आकारही वाऱ्याला कमी अडणारा झाला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडला तो इंजिनाचा आकार घटल्याने. 2012 साली फोर्डने तीन सिलिंडरांचे 999 सी.सी.चे इंजिन काढून ते 'फोकस' या सव्वा टनाच्या गाडीत बसविले. तिथे आधी 1.6 लिटरचे इंजिन असे. ताकद मात्र तेवढीच, किंबहुना जास्तच, कारण टर्बो हवा दाबून आत भरते. हे इंजिन लागोपाठ तीन वर्षे जगातले सर्वोत्तम इंजिन म्हणून गौरविले गेले, आणि तो गौरव योग्यच होता. पण टर्बोची सारी करामत पेट्रोल जळत असतानाची. पाय काढला की टर्बो गप्प! ढकलताना हे इंजिन दीड-पावणेदोन लिटरांसारखे ढकलते, अडविताना एक लिटरचेच असते.

आता आपले माप लावून बघा. दीड लिटरची अॅम्बॅसेडर टनामागे सव्वा लिटरहून थोडी अधिक भरते. 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 म्हणजे 796 सी.सी. आणि सुमारे 650 किलो. तीही जवळपास सव्वा लिटर. इंजिन लहान, पण गाडीही तशीच हलकी! एक लिटरची फोकस भरते पाऊण लिटरच्या आसपास. आपल्याकडे याला करानेही हातभार लावला. 2006 च्या अर्थसंकल्पात लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सी.सी.च्या आत असलेल्या गाडीला अबकारी कर कमी झाला. मग उंच, भारदस्त, एअरबॅगांनी आणि लोखंडाने जड झालेली गाडी, पण इंजिन मात्र एक-सव्वा लिटरचे, अशी जोडी रस्तोरस्ती दिसू लागली. भाच्याची गाडी त्यातलीच.

अण्णांचा नियम कुठे अडला, ते आता दिसेल. त्यांच्या काळी चढायची ताकद आणि अडवायची ताकद एकाच गोष्टीतून येई, इंजिनाच्या आकारातून. म्हणून चढाचा गिअर उताराला बरोबर लागू पडे. टर्बोने ही गाठ सोडली. तिसऱ्या गिअरात घाट चढणारी गाडी तिसऱ्या गिअरात उतरविता येईलच असे नाही. तिला दुसरा लागतो, कुठे कुठे पहिलासुद्धा. गिअर खाली टाकला की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, तेवढे श्वास वाढतात, तेवढा लगाम घट्ट होतो. मात्र गिअर खाली टाकायचा तो उतार सुरू होण्याआधी, गाडी हळू असताना. वेग चढल्यावर दुसरा टाकायला गेलात तर इंजिन किंचाळेल आणि चाके घसरायची भीती. फेऱ्यांचा आवाज मोठा झाला म्हणून घाबरू नका. काट्याच्या तांबड्या खुणेच्या आत इंजिनाला त्याने काही होत नाही.

आणखी एक भर पडली ती विजेच्या मेंदूची. पूर्वी पायातून थेट तार घशातल्या झडपेला जाई. आता पाय सांगतो आणि संगणक ठरवितो. एकदम घसा मिटला तर पेट्रोल नीट जळत नाही आणि धुरात विष वाढते, म्हणून काही गाड्यांत संगणक झडप हळूहळू मिटतो. पाय काढल्यावर क्षणभर गाडी जणू ऐकतच नाही, असे वाटते ते यामुळे. 2014 पासून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतही आपोआप बदलणारे गिअर सर्रास येऊ लागले. त्यातल्या काहींना उतार कळत नाही. पाय काढला की चालकाला आता सावकाश जायचे आहे असे समजून त्या वरचा गिअर टाकतात. घाटात हे अगदी उलटे! अशा गाडीत दांडा हाताच्या गिअरच्या जागी सरकविता येतो. ती जागा कुठे आहे, हे सपाटीवरच बघून ठेवावे.

पण या साऱ्याहून मला चिंता वाटते ती न्यूट्रलची. खंडाळ्याच्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडल्याने झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचता. छोट्या गाडीवालेही तेच करतात आणि वर काटकसर केली म्हणून सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळी या हिशेबात थोडे तथ्य होते, कारण पाय काढला तरी इंजिन थोडे पेट्रोल ओढतच राही. आजच्या गाडीत उलटे आहे. गिअरात असताना पाय काढला आणि फेऱ्या बऱ्यापैकी असल्या, की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. एक थेंबही जात नाही. चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रल केले तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रलवाला पेट्रोलही जाळतो आणि होता नव्हता तो लगामही सोडून देतो. शिक्षकांनी एवढी एक गोष्ट मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगितली, तर ती घरी जाऊन वडिलांना सांगतील.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांची तऱ्हा निराळी. त्यांत मोटरच उलटे काम करून वीज तयार करते, बॅटरी भरते आणि गाडी अडविते. इथे लगाम मुद्दाम घडविलेला आहे, आणि तो चांगला जोरकस असतो. पण त्यालाही एक मेख आहे. महाबळेश्वराच्या माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून तुम्ही लगेच उतरायला लागलात, तर नवी वीज ठेवायची कुठे? घागर आधीच भरलेली. मग तो लगाम ढिला पडतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे. प्रियससारख्या गाड्यांच्या दांड्याजवळ 'बी' अशी एक खूण असते. बॅटरी भरली तर इंजिनालाच अडविण्याच्या कामी लावण्यासाठी ती दिलेली आहे.

आम्ही घाटात थांबलो होतो, तिथे परत येऊ. अर्धा तास गाडी निवू दिली. तेवढ्यात अण्णांनी जवळच्या झऱ्यावर तोंड धुतले. चाकांवर पाणी मारू या, असे भाचा म्हणाला तेव्हा अण्णांनी त्याला थांबविले. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतले की ती वाकडी होते किंवा तडकते. मग मी वर सांगितला तेवढा हिशेब दोघांनाही थोडक्यात सांगितला. अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे चढला असशील त्याच्या एक खाली. एवढंच ना?" भाच्याने दुसरा टाकला. इंजिन गुरगुरू लागले, काटा वर चढला, आणि गाडी तीसच्या आसपास रेंगाळत वळणे घेऊ लागली. ब्रेक लागला तो फक्त अवघड वळणांना. पोलादपूरच्या नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा अण्णांनी आधी पुढच्या चाकाजवळ हात नेऊन बघितला आणि मग बाकड्यावर बसले.